ग्राफिक्स आणि ॲनिमेशनचं वर्कस्टेशन जुळवताना: आधी जागा, मग वेग

ॲनिमेशनसाठी नवा कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की चर्चा हमखास प्रोसेसरपासून सुरू होते. आय-सेव्हन की आय-नाईन, रायझेन की इंटेल, यावर तास जातो आणि ग्राफिक्स कार्ड उरलेल्या पैशांत बसवलं जातं. हा क्रम उलटा आहे. प्रोसेसर थोडा हळू निघाला तर चार तासांचं रेंडर (सीनमधून अंतिम चित्रं काढण्याचं काम) पाच तासांत होईल, पण होईल. सीनला १४ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) लागत असेल आणि कार्डावर ८ जीबीच असेल, तर ते रेंडर सुरूच होणार नाही, किंवा असं रखडेल की डेडलाईन हातची जाईल. म्हणून व्हीरॅम, रॅम आणि डिस्क यांची जागा आधी पुरेशी घ्यायची आणि वेगासाठी पैसे त्यानंतर मोजायचे.

पुढचा हिशोब एकट्याने काम करणाऱ्या किंवा दोन-तीन जणांच्या स्टुडिओसाठी आहे. ब्लेंडरमध्ये थ्रीडी, आफ्टर इफेक्ट्समध्ये मोशन ग्राफिक्स, फोटोशॉप, आणि शेवटी दाविंची रिझॉल्व्हमध्ये एडिट, असं काम धरलं आहे. माया हे थ्रीडी सॉफ्टवेअर आणि आर्नोल्ड हा रेंडरर, किंवा सिम्युलेशनसाठीचं हुडिनी वापरणाऱ्यांचा हिशोब जिथे बदलतो, तिथे तसं सांगितलं आहे.

खरेदीआधी: आहे त्या मशीनवर मोजमाप

आपल्याकडची सगळ्यात जड फाईल उघडा आणि नेहमीचं काम अर्धा तास करा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’ हा भाग समोर ठेवा. सीपीयूच्या आलेखावर राईट क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडा, म्हणजे प्रत्येक कोअर (प्रोसेसरमधलं काम करणारं एकक) वेगळा दिसेल.

आता काय दिसतं ते बघा. रिग (पात्राचा हलता सांगाडा) हलवताना एकच कोअर शंभर टक्क्यांवर आणि बाकीचे गार असतील, तर जास्त कोअरचा प्रोसेसर घेऊन उपयोग नाही. तिथे एका कोअरचा वेग लागतो. रेंडर करताना ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ काठोकाठ भरली आणि ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ चढू लागली, तर व्हीरॅम कमी पडते आहे. रॅम ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत व्यस्त, तर रॅम अपुरी आहे आणि विंडोज डिस्कवर उसनवारी करतं आहे.

ब्लेंडरमध्ये सगळ्यात खालच्या पट्टीवर राईट क्लिक करून ‘सिस्टिम मेमरी’ आणि ‘व्हिडिओ मेमरी’ चालू करा. सीन किती जागा घेतो ते तिथेच दिसेल. हे आकडे कागदावर उतरवूनच दुकानाची पायरी चढा.

ग्राफिक्स कार्ड: सगळ्यात जास्त विचार इथे

व्हीरॅम नेमकी कुठे जाते? बहुतेक वेळा टेक्स्चरमध्ये, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांमध्ये. ४०९६ × ४०९६ चं एक रंगीत टेक्स्चर, चार चॅनेल आणि प्रत्येकी ८ बिट धरून, मेमरीत ६४ एमबी घेतं. डिस्कवर ती जेपेग फाईल ५ एमबीची असली तरी फरक पडत नाही, कारण रेंडरआधी ती पूर्ण उलगडली जाते. ८के टेक्स्चर असेल तर २५६ एमबी.

समजा, जुन्या वाड्याच्या चौकाचा सीन आहे. सारवलेलं अंगण, तुळशी वृंदावन, लाकडी खांब, तांब्याची भांडी, कौलं, अशा ३० वस्तू. प्रत्येकीला रंग, रफनेस (खरखरीतपणा), नॉर्मल (बारीक उंचवट्यांचा आभास) आणि डिस्प्लेसमेंट (खरे उंचसखल) असे चार ४के मॅप, म्हणजे टेक्स्चरची चित्रं. ३० × ४ × ६४ म्हणजे ७,६८० एमबी, साडेसात जीबी. अजून भूमिती, केस, गवत, प्रकाशासाठीचा एचडीआरआय आणि विंडोजचा स्वतःचा वाटा यायचाच आहे. ८ जीबीचं कार्ड इथेच संपलं. एनव्हिडियाच्या कार्डावर ब्लेंडरचं सायकल्स हे रेंडर इंजिन न मावलेला डेटा मुख्य रॅममध्ये ठेवून काम रेटू शकतं, पण वेग पडतो. तेही जमलं नाही की ‘आउट ऑफ मेमरी’ लिहून थांबतं.

याचा काही भाग शिस्तीने वाचवता येतो. कॅमेऱ्यापासून लांबच्या वस्तूंना १के टेक्स्चर पुरतं. रफनेससारखा मॅप रंगीत न ठेवता ग्रेस्केलमध्ये सेव्ह केला तर चौथ्या हिश्श्यात बसतो. ‘सिम्प्लिफाय’ या भागात टेक्स्चरच्या आकारावर एकदम मर्यादाही घालता येते. तरी आज नवं कार्ड घेताना थ्रीडीच्या कामासाठी १६ जीबी हा पाया धरावा. १२ जीबी शिकणाऱ्यांना आणि मोशन ग्राफिक्सवाल्यांना चालेल. ८ जीबीचं कार्ड या कामासाठी नव्याने घेऊ नये, ते कितीही स्वस्तात मिळत असलं तरी.

इथे फसगतीची एक ठरलेली जागा आहे. आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत येतं, नाव तेच. त्याआधीच्या ४०६० टीआयचंही तसंच होतं. कोटेशनमध्ये ‘१६ जीबी’ लिहून घ्या आणि खोक्यावर वाचून बघा. लॅपटॉपचा विचार असेल तर अजून सावध राहा. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० वर २४ जीबी आहे, त्याच नावाच्या लॅपटॉप चिपवर १६.

कंपनी कोणती? ब्लेंडर एएमडीच्या कार्डांवर एचआयपीमधून आणि इंटेलच्या कार्डांवर वनएपीआयमधून (कार्डाकडून काम करून घेणाऱ्या त्या-त्या कंपनीच्या प्रणाली) चालतं. पण आर्नोल्डचं जीपीयू रेंडर एनव्हिडियावरच चालतं, आणि कित्येक रेंडरर व प्लगइन आधी कुडासाठी (एनव्हिडियाची तशीच प्रणाली) तयार होतात. उद्या कुठल्या स्टुडिओची फाईल कुठल्या रेंडररसाठी येईल हे सांगता येत नाही. त्यामुळे पोटापाण्याच्या मशीनसाठी एनव्हिडियाच घ्यावं. एएमडीकडे त्याच पैशांत जास्त व्हीरॅम मिळते हे खरं, पण काम अडलं तर ती बचत महागात पडते.

कार्डं अशी बघा: सुरुवातीला आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी. वेग हवा असेल तर ५०७० टीआय, त्यावरही १६ जीबी आहे. मधलं ५०७० वेगवान आहे खरं, पण त्यावर १२ च जीबी, म्हणून जड थ्रीडी सीनसाठी ते टाळावं. ५०८० वर पुन्हा १६ जीबीच आहे. तेव्हा ५०७० टीआयवरून तिकडे जाताना वाढीव पैसे फक्त वेगासाठी जातात, हे डोक्यात असू द्या. त्यापुढे थेट ५०९०, ३२ जीबी. सेकंडहँड बाजारात ३०९० मिळतं, २४ जीबीचं. मात्र त्याच्या मेमरी चिप पाठीमागच्या बाजूलाही असतात आणि त्या फार तापतात. क्रिप्टो मायनिंगमध्ये वापरलेलं कार्ड असेल तर धोका वाढतो. समोर अर्धा तास रेंडर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

‘दोन ८ जीबीची कार्डं लावली की १६ होतील’ हा समज अजून टिकून आहे. होत नाहीत. सायकल्स दोन्ही कार्डं वापरतं, रेंडर जवळपास दुप्पट वेगाने होतं, पण सीन प्रत्येक कार्डावर पूर्ण मावावा लागतो.

प्रोसेसर

रेंडर कार्डावर होणार असेल तर प्रोसेसरकडे उरतं ते मॉडेलिंग, रिगची हालचाल, मॉडिफायर (मॉडेलचा आकार आपोआप बदलणारी साधनं), सिम्युलेशन आणि प्रत्येक फ्रेमआधी सीन तयार करून कार्डाकडे पाठवणं. हे शेवटचं काम अनेकांच्या लक्षात येत नाही. फ्रेम १२ सेकंदांची आणि त्यातले ५ सेकंद सीन तयार करण्यात गेले, तर कितीही महागडं कार्ड तेवढा वेळ रिकामं बसतं. फक्त कॅमेरा फिरत असेल आणि वस्तू जागच्या जागी असतील, तर ब्लेंडरमध्ये रेंडर प्रॉपर्टीजच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘परसिस्टंट डेटा’ चालू करा. तयार झालेला सीन पुढच्या फ्रेमसाठी राखला जातो. मोबदल्यात मेमरी जास्त लागते.

या कामाला ८ ते १२ वेगवान कोअर पुरतात: रायझेन ७ ९७००एक्स, रायझेन ९ ७९०० किंवा ९९००एक्स. १६ कोअरचं ९९५०एक्स हुडिनीच्या सिम्युलेशनला आणि आर्नोल्डच्या सीपीयू रेंडरला सार्थकी लागतं. एक्सथ्रीडी नावाच्या प्रोसेसरमधली जादा कॅशे (आतली झटपट मेमरी) मुख्यतः गेमिंगसाठी कामी येते. रेंडरसाठी तिचे पैसे मोजू नका.

इंटेल घ्यायचं ठोस कारण एकच, कॅमेऱ्याचं फुटेज. आजचे अनेक मिररलेस कॅमेरे १० बिट ४:२:२ एच.२६५ (रंगाची जास्त माहिती राखणारा व्हिडिओ प्रकार) मध्ये शूट करतात आणि ते उलगडायला इंटेल प्रोसेसरमधली क्विक सिंक ही सोय चांगली आहे. पण नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ही सोय नसते. एनव्हिडियाच्या ५० मालिकेच्या कार्डांनीही आता ४:२:२ हाताळायला सुरुवात केली आहे, ४० मालिकेत ते नव्हतं. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतला प्रोसेसर घेणार असाल किंवा आधीपासून असेल, तर आधी बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. जास्त व्होल्टेजमुळे त्या चिप खराब होत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, दुरुस्तीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

रॅम

आफ्टर इफेक्ट्सचा प्रिव्ह्यू रॅममध्ये फ्रेम साठवून चालतो (२०२५ पासून त्याला डिस्क कॅशेचीही जोड आहे), म्हणून रॅमपुरता सरळ गुणाकार करता येतो. १६ बिटमध्ये ४के ची एक फ्रेम सुमारे ६६ एमबी. २५ फ्रेमचा एक सेकंद म्हणजे १.६६ जीबी. ३२ जीबी रॅममध्ये विंडोज, ब्राउझर आणि बाकीचं सॉफ्टवेअर वगळून २० जीबी उरली, तर रॅममध्ये पूर्ण रेझोल्यूशनचे बाराच सेकंद मावतील. ६४ जीबी असली की तीसेक सेकंद. जाहिरातीचं अख्खं काम त्यात बसतं.

तेव्हा ६४ जीबी, आणि तीही ३२ च्या दोन स्टिक. चार स्टिक लावू नयेत. रायझेनच्या एएम-५ सॉकेटच्या बोर्डावर चार डीडीआर-५ स्टिक भरल्या की अधिकृत वेग ३६०० वर येतो. ‘आता १६ च्या दोन घेऊ, पुढे अजून दोन टाकू’ हा बेत म्हणूनच फसतो. हुडिनी किंवा मोठी फ्लुइड सिम्युलेशन असतील तर ४८ च्या दोन घेऊन ९६ जीबी करा. वेग ६००० पुरे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. बजेट बसत नसेल तर प्रोसेसर एक पायरी खाली घ्या, रॅम कापू नका.

डिस्क आणि मदरबोर्ड

दोन एनव्हीएमई एसएसडी असाव्यात: १ टीबीची विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी, २ टीबीची चालू प्रोजेक्ट आणि कॅशेसाठी (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाईल). दुसरी टीएलसी प्रकारचीच (प्रत्येक पेशीत तीन बिट साठवणारी) घ्या. स्वस्त क्यूएलसी (चार बिटवाली) एसएसडी सुरुवातीला जोरात लिहिते आणि आतली तात्पुरती जागा भरली की एकदम मंदावते. सिम्युलेशनची ८० जीबीची कॅशे लिहिताना हे हमखास होतं. डिस्क ८० टक्क्यांच्या पुढे भरू देऊ नका. संपलेली कामं मोठ्या हार्ड डिस्कवर, आणि त्यांची एक प्रत घराबाहेर किंवा क्लाऊडवर.

मदरबोर्ड बी-६५० किंवा बी-८५० चिपसेटचा पुरतो. तीन एम.२ स्लॉट, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) धातूचे भक्कम हीटसिंक आणि बायोस फ्लॅशबॅकचं (प्रोसेसरशिवाय बायोस अपडेट करण्याचं) बटण एवढं बघा. लांबीला मोठा दिसणारा दुसरा स्लॉट आतून अनेकदा चारच लेनचा (डेटाच्या मार्गांचा) असतो, हे दोन कार्डं लावू इच्छिणाऱ्यांनी बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये तपासावं.

वीज आणि उष्णता

गेम खेळताना मशीनवरचा भार वर-खाली होतो. रेंडरला ते रात्रभर पूर्ण ताकदीने चालतं. त्यामुळे एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) हिशोब जरा सैल हाताने करावा. ५०७० टीआयचे ३०० वॅट, ९९००एक्सचे जास्तीत जास्त १६२, बोर्ड-रॅम-डिस्क-पंखे मिळून ८०, एकूण ५४२. कार्ड क्षणभर याहून बरंच जास्त ओढतं, म्हणून ८५० वॅटचा, ८० प्लस गोल्ड (कार्यक्षमतेचं मानांकन), एटीएक्स ३.१ या मानकाचा एसएमपीएस घ्या. ५०६० टीआय आणि ७९०० च्या जोडीला ६५० पुरतो. ५०९० एकटं ५७५ वॅट खातं. तिथे १००० च्या खाली विचार नको.

नव्या कार्डांची १६ पिनची केबल ‘कट्’ असं जाणवेपर्यंत पूर्ण आत बसली पाहिजे आणि कनेक्टरपासून निदान साडेतीन सेंटीमीटर सरळ राहून मगच वळली पाहिजे. अर्धवट बसलेली पिन तापते आणि कनेक्टर वितळतो. कॅबिनेटची काच केबलला दाबत असेल तर कॅबिनेट अरुंद आहे.

५४० वॅट खाणारं मशीन खोलीत ५४० वॅटची उष्णताच सोडतं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना हा फरक जीवघेणा ठरतो. समोर पूर्ण जाळी असलेलं कॅबिनेट, पुढे दोन-तीन पंखे आत हवा घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. काचेच्या बंद तोंडाची कॅबिनेट दिसायला देखणी असतात, पण या कामाला नाहीत. ७९०० ला चांगला एअर कूलर पुरतो. ९९५०एक्सला ३६० मिमीचा लिक्विड कूलर द्या. कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली तर वेग त्या प्रमाणात घटत नाही आणि तापमान चांगलं उतरतं. उन्हाळ्यात रात्रीच्या रेंडरला ही सवय लावून घ्या. कोकणात आणि गोव्यात दमटपणा हा वेगळा शत्रू आहे. पावसाळ्यात मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका आणि ते भिंतीला चिकटवू नका.

यूपीएसवर लिहिलेला व्हीए म्हणजे वॅट नव्हे. १ केव्हीएचे साधे यूपीएस बहुधा ६०० वॅटच देतात. मॉनिटर धरून आपला भार त्याच्या ७० टक्क्यांत बसावा. चांगल्या एसएमपीएसला प्युअर साईन वेव्हचा यूपीएस लागतो. नाहीतर वीज गेल्या क्षणी यूपीएस सुरू असूनही मशीन बंद पडतं. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर तो ‘यूपीएस मोड’वर ठेवा. आणि अर्थिंग आधी तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत नवं मशीन जोडू नका.

मॉनिटर

२७ इंची, आयपीएस पॅनेल, १०० टक्के एसआरजीबी (वेबचा नेहमीचा रंगपट्टा). सिनेमाचं काम असेल तर ९५ टक्के डीसीआय-पी३ (सिनेमाचा रंगपट्टा). ब्राइटनेस १२० निट्सच्या आसपास ठेवा, ‘नाईट लाईट’ बंद. मॉनिटरला एकूण बजेटच्या बाहेर वेगळे पैसे काढावेत, कारण तो दोन मशीन पुरून उरतो.

दुकानात

मॉनिटर आणि यूपीएस सोडून उरलेल्या बजेटचे ४० ते ४५ टक्के कार्डावर जाऊ द्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर फिरताना निदान तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या. प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल नंबर त्यात असला पाहिजे. ‘७५० वॅट गोल्ड एसएमपीएस’ किंवा ‘२ टीबी एनव्हीएमई’ एवढंच लिहिलेलं असेल तर नंतर हलका माल गळ्यात पडतो. जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर कार्ड, प्रोसेसर, एसएसडी यांचे सीरियल नंबर लिहून घ्या. परदेशातून आणलेलं बिनबिलाचं कार्ड काही हजारांनी स्वस्त पडतं, पण भारतातली वॉरंटी मिळेलच असं नाही.

जोडणी आणि पहिली चाचणी

रॅमच्या दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. कूलरच्या बुडाची पारदर्शक फिल्म काढा, ती बऱ्याचदा विसरली जाते आणि प्रोसेसर मिनिटभरात ९५ अंशांवर जातो. एएम-५ बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना रॅमचं ट्रेनिंग (बोर्डाशी जुळवणी) चालतं. स्क्रीन कित्येक मिनिटं काळी राहू शकते. घाबरून स्विच बंद करू नका. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही. बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग या क्रमाने जा:

१. रात्रभर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी. एकही चूक दिसली तर रॅम बदलून घ्या, ‘एखादीच आहे’ म्हणून सोडू नका.
२. एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर टाका. ब्लेंडरच्या ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘सिस्टिम’ भागात ऑप्टिक्स (एनव्हिडिया कार्डावरची रेंडर पद्धत) निवडा.
३. एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून स्वतःचा जड सीन दोन तास रेंडर करा. दुकानाची बदलून देण्याची मुदत संपण्याआधी हे झालंच पाहिजे.
४. विंडोजची स्लीप बंद करा आणि अपडेटची वेळ दिवसा ठेवा.

रेंडर थेट एमपी४ मध्ये कधीच काढू नका. ३० सेकंदांचं ॲनिमेशन २४ फ्रेमने ७२० फ्रेम होतं. फ्रेमला दोन मिनिटं धरली तर चोवीस तास. ६८० व्या फ्रेमनंतर वीज गेली तर एमपी४ पूर्ण वाया, पीएनजी किंवा ईएक्सआर सिक्वेन्स (प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्र-फाईल) असेल तर चाळीसच फ्रेम उरतात. ‘ओव्हरराईट’ बंद आणि ‘प्लेसहोल्डर्स’ चालू ठेवलं की ब्लेंडर झालेल्या फ्रेम सोडून पुढे जातं. मात्र वीज जाताना अर्धवट राहिलेली शून्य केबीची फ्रेम आधी हाताने काढून टाका, नाहीतर ती झालेली समजून वगळली जाते.

पहिल्या दिवशीचा सीन, त्याचा रेंडरचा वेळ, कार्डाचं आणि प्रोसेसरचं सर्वोच्च तापमान आणि खोलीचं तापमान एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहून प्रोजेक्ट डिस्कवर ठेवा. दर सहा महिन्यांनी तोच सीन चालवा. वेळ वाढला आणि तापमानही वाढलं, तर पंखे आणि रेडिएटरची धूळ काढा. तापमान तेच असून वेळ वाढला, तर ड्रायव्हर, पॉवर लिमिट आणि एक्स्पो या तीन जागा आधी तपासा.